तुम्ही विचारलंत म्हणून: विभाग मोडल्यावर सही कुणाची?

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी दर दोन-तीन महिन्यांनी एक फोन ठरलेला. कुठल्यातरी विद्यापीठातले कुणी प्राध्यापक, बहुधा नुकतेच एखाद्या समितीवर घेतले गेलेले, आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि मग मुद्द्यावर येतात. "मॅडम, तुमच्याकडे विभाग मोडून एकच संकुल केलं होतं ना? आमच्याकडेही घाटतंय. करावं का?" 2020 चं शैक्षणिक धोरण आल्यापासून असे फोन वाढलेत. मी आपली "करा, पण जपून" म्हणते आणि ठेवते. हे काही उत्तर नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. विद्यापीठाचं नाव घेत नाही.

मी प्राणिशास्त्राची. आमच्या इमारतीत तळमजल्यावर वनस्पतिशास्त्र, पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर सूक्ष्मजीवशास्त्र आणि कोपऱ्यातल्या नव्या बांधकामात जैवतंत्रज्ञान. चार विभाग, चार विभागप्रमुख, चार ऑफिसं, चार ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेने निर्जंतुक करायची यंत्रं), आणि त्यांतले दोन कायम बंद. चालू असलेला वापरायला जिना चढून गेलं की वरचे म्हणायचे, "तुमच्या विभागप्रमुखांचं पत्र आणलंय का?" 2017 च्या जूनमध्ये या चारांचं मिळून एक जीवशास्त्र संकुल झालं. विभागप्रमुख ही पदं गेली, वर एक संचालक आले. आराखडा करणाऱ्या समितीत मी होते, त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातला थोडा दोष माझ्याही पदरात.

समितीत आम्ही दाखले भरपूर गोळा केले होते. दिल्लीच्या जेएनयूत पहिल्यापासून विभागांऐवजी 'स्कूल' आणि त्यांच्या आत केंद्रं. त्यातही तिथल्या स्कूल ऑफ लाइफ सायन्सेसमध्ये केंद्रंसुद्धा नाहीत, सगळे एकाच पंगतीत. इंग्लंडमधलं ससेक्स विद्यापीठ 1961 मध्ये निघालं ते विभाग नकोत असं ठरवूनच. आपल्याकडे जळगावचं विद्यापीठ 1990 चं, नांदेडचं 1994 चं, दोन्हीकडे अशीच रचना. नांदेडला तर 'संकुल' हाच शब्द रुळलेला. हे सगळं आम्ही मोठ्या उत्साहाने पॉवरपॉइंटवर टाकलं. एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. ही सगळी कोऱ्या जागेवर उभी राहिलेली विद्यापीठं. नव्या घरात एकच चूल मांडणं वेगळं, आणि तीस वर्षं वेगळे राहिलेले चार भाऊ पुन्हा एका चुलीवर आणणं वेगळं. जुनं मोडून नवं करणारं मोठं उदाहरण आमच्याकडे एकच होतं, अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठ. तिथे मायकेल क्रो 2002 मध्ये अध्यक्ष झाले आणि त्यांनी विभागांची मोडतोड करून नव्या शाळा काढल्या. भूशास्त्र आणि खगोलशास्त्र एकत्र आणून 2006 मध्ये पृथ्वी आणि अवकाश संशोधनाची शाळा केली. पण ते गृहस्थ वीस वर्षांहून जास्त त्याच खुर्चीत राहिले. आपल्याकडे कुलगुरूंची मुदत पाच वर्षं. पहिली दोन समजून घेण्यात जातात आणि शेवटचं निरोप समारंभांत.

आता हर्बेरियमची गोष्ट. वनस्पतिशास्त्राकडे हर्बेरियम होतं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांची अकरा लोखंडी कपाटं. सह्याद्रीतली गवतं, आमरी, कोकणातल्या खाड्यांतली झाडं, काही पत्रकं (नमुना चिकटवलेले कागद) पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. त्या कपाटांत दर पावसाळ्याआधी डांबरगोळ्या बदलायच्या, हे काम तिथले जुने प्रयोगशाळा परिचर, आमचे मामा, न सांगता करायचे. वनस्पतीचे विभागप्रमुख मे महिन्यात एक मागणीपत्र करायचे, पाचसातशे रुपये किरकोळ खर्चातून निघायचे, झालं. संकुल झाल्यावर पहिल्या मे महिन्यात मामा कागद घेऊन संचालकांकडे गेले. संचालक जैवतंत्रज्ञानाचे, माणूस चांगला, पण त्यांच्या टेबलावर चार विभागांचे कागद. त्यांनी तो लेखा विभागाकडे पाठवला. लेखा विभागाने शेरा मारला, "हेड नमूद करावा." मामा माझ्याकडे येऊन म्हणाले, "मॅडम, हेड तर तुम्ही काढून टाकलात, आता कुठनं नमूद करू?" त्यांना विभागप्रमुख वाटले होते, लेखा विभागाला खर्चाचं शीर्ष हवं होतं. आम्ही सगळे पोट धरून हसलो आणि कागद तसाच राहिला. पुढच्या वर्षीही राहिला. तिसऱ्या वर्षी तिसरं कपाट उघडलं तेव्हा आमरीच्या पत्रकांवर नुसता भुगा होता. वर चिकटवलेली नावाची चिठ्ठी शाबूत, खाली झाड नाही.

मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं की आम्ही नक्की काय मोडलं होतं. विभाग म्हणजे ज्ञानाच्या मध्ये घातलेली भिंत, असं आम्ही समजत होतो. ती भिंत होतीच. पण त्याच भिंतीला शेपाचशे छोटे खिळे होते आणि प्रत्येकावर काहीतरी टांगलेलं होतं: किरकोळ रजा, डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही), तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची बिलं, विद्यार्थ्यांचे बोनाफाईड, फ्रिज बंद पडला तर मेकॅनिकला कुणी बोलवायचं ते. भिंत पाडताना यांतलं काय कुठे टांगायचं याची यादी कुणी केली नाही. सगळं एका माणसाच्या टेबलावर येऊन पडलं. विभागप्रमुखपद दर तीन वर्षांनी फिरायचं, म्हणून जो तो जपून वागायचा, उद्या समोरचा आपल्या खुर्चीत बसणार हे ठाऊक असायचं. संचालकांच्या बाबतीत तसं काही राहिलं नाही. सत्ता वाटली जाईल म्हणून मोडले, आणि झाली ती गोळाच.

कायद्याचंही तसंच. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्याशाखा चारवर आणल्या, त्यांतली एक तर आंतरविद्याशाखीय अभ्यासाचीच. पण अभ्यासक्रम ठरवणारी अभ्यास मंडळं राहिली विषयवार, आणि त्यात त्या त्या विषयाच्या विभागप्रमुखाची जागा. आमच्याकडे विभागप्रमुखच नाही, मग प्राणिशास्त्राच्या मंडळावर जायचं कुणी? दोन महिने पत्रव्यवहार झाला. शेवटी 'विषय समन्वयक' असं एक पद काढलं. तेच माणूस, तीच खोली, फक्त दारावरची पाटी नवी आणि सहीचा अधिकार नाही.

विभाग ही मोजण्याचीही पट्टी असते, हे मला एका तरुण सहकाऱ्याने शिकवलं. तो तासिका तत्त्वावर शिकवायचा, सात वर्षं. एकत्रीकरणाला आमच्यातल्या ज्येष्ठांचा विरोध चालू असताना हा मात्र ठाम बाजूने. का, म्हणून विचारलं तर त्याने कागदावर आकडे मांडले. त्याच सुमाराला, एप्रिल 2017 मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की शिक्षकांच्या आरक्षणासाठी अख्खं विद्यापीठ न धरता विभाग हाच घटक धरावा, म्हणजे पदं विभागवार मोजावीत. मार्च 2018 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) तसं परिपत्रक काढलं. बिंदुनामावली म्हणजे कितवी जागा कुणाला राखीव याचा तक्ता; तेरा बिंदूंच्या नामावलीत पहिल्या तीन जागा खुल्या, चौथी ओबीसीला, सातवी अनुसूचित जातीला, अनुसूचित जमातीची थेट चौदावी, म्हणजे तेरांच्याही बाहेर. "तीन पदांच्या विभागात सातवा बिंदू कधी येणार, मॅडम? माझ्या निवृत्तीनंतर?" देशभर आंदोलनं झाली आणि 2019 मध्ये संसदेने केंद्रीय संस्थांपुरता कायदा करून विद्यापीठ हाच घटक पुन्हा ठरवला. आम्ही समितीत आंतरविद्याशाखीय संशोधनावर तासन् तास बोललो होतो, पण विभागाच्या आकारावर कुणाची नोकरी अवलंबून असते, हे आमच्या एकाही स्लाइडवर नव्हतं.

मग फायदा काहीच झाला नाही का? झाला, आणि तो मी कधी विसरणार नाही.

दर गुरुवारी दुपारी चार वाजता संकुलाचा सेमिनार असायचा. सक्तीचा, चहाबिस्किटांसकट. माझी एक विद्यार्थिनी खाडीतल्या खेकड्यांवर काम करत होती. हे खेकडे खारफुटीची गळालेली पानं बिळात ओढून नेतात; कुठल्या झाडाची जास्त नेतात, याचा तिचा दोन वर्षांचा तक्ता होता. तिने स्लाइड लावली, 'तिवराची पानं'. मागच्या बाकावरून वनस्पतीचे सर, ज्यांच्याशी मी संकुलाच्या बैठकीत कडाकडा भांडले होते, हळूच म्हणाले, "बाई, हे पान तिवराचं नाही, चिपीचं आहे. तिवराची खालची बाजू पांढुरकी असते." मुलीचा चेहरा पडला. माझाही. दोन वर्षं मी मार्गदर्शक म्हणून तो तक्ता तपासत होते! दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतः तिच्याबरोबर ओहोटीला खाडीत उतरले, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघाभर चिखलात. तक्ता नव्याने झाला, आणि वरच्या मजल्यावरच्या सूक्ष्मजीववाल्या बाईंनी बिळातल्या मातीचे नमुने मागून घेतले. जुन्या व्यवस्थेत ती चूक थेट प्रबंधात गेली असती. परीक्षकही प्राणिशास्त्राचेच आले असते की.

पण त्याच मुलीला पुढे काय भोगावं लागलं तेही सांगते. आम्ही पदव्युत्तर पदवीसुद्धा एकच केली होती, एमएस्सी जीवशास्त्र. सीएसआयआरच्या नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, अडचण नाही, तिथे 'लाइफ सायन्सेस' हा एकच विषय आहे. महाविद्यालयाच्या जाहिरातीत मात्र लिहिलेलं असतं: प्राणिशास्त्र, पद एक. छाननीच्या टेबलावरचा माणूस पदवी बघतो, 'जीवशास्त्र' वाचतो आणि 'संबंधित विषय नाही' असा शेरा मारतो. तिच्यासाठी मी समकक्षतेची किती पत्रं लिहिली, आता आठवत नाही.

म्हणून गोव्याची पद्धत मला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. गोवा विद्यापीठानेही विभाग आवरून महाशाळा केल्या. शणै गोंयबाबांच्या नावाच्या भाषा आणि साहित्य महाशाळेत कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी, पोर्तुगीज, फ्रेंच सगळ्या एका छताखाली आहेत. गोव्यात मराठी आणि कोंकणीला एकाच दारातून आत आणणं ही काय चीज आहे, हे भाषावाद आठवणाऱ्यांना सांगायला नको. पण तिथे 'मराठी अध्ययन शाखा' हे नाव राहिलं. विभाग गेला, विषय पाटीवर शिल्लक आहे. ससेक्सनेही आपली मूळ रचना पुढे बदलली, तेव्हा उलट फिरण्यात लाज वाटायचं कारण नाही.

परवा विदर्भातून एका सरांचा फोन आला, हाच प्रश्न. या वेळी "जपून" वगैरे म्हटलं नाही. विचारलं, तुमच्याकडे हर्बेरियम आहे का? आहे म्हणाले, बरंच जुनं. मग डांबरगोळ्या सध्या कोण आणतं, आणि कुठल्या हेडमधून?

"विचारून सांगतो," म्हणाले.