स्लाविक ओळ आणि स्विस ओळ

मॅडिसनमधल्या एका छोट्या संशोधन संस्थेत मी जनगणनेच्या आकडेवारीचं काम करते. नगरपालिका, शाळा, धर्मादाय निधी असे आमचे ग्राहक. गेल्या वर्षी एका निधीचं काम आलं. विस्कॉन्सिनमधल्या जुन्या स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये वृद्धांच्या घरदुरुस्तीसाठी त्यांना पैसे द्यायचे होते. कुठे किती द्यायचे हे ठरवायला त्यांनी आधीच कुणाकडून तरी एक टिपण लिहून घेतलं होतं. त्यात शेजारी शेजारी दोन रकाने होते, स्विस वंशाचे आणि स्लाविक वंशाचे, म्हणजे पोलिश, चेक, सर्बियन अशा समाजांचे. स्विस लोक काटकसरी, शिस्तीचे, म्हणून सुस्थितीत. स्लाविक लोकांना इथे रुळायला वेळ लागला, म्हणून ते मागे. आम्ही आकडे तपासायचे आणि खाली सही करायची, एवढंच काम होतं.

मी आधी आकडे कुठून घेतले ते शोधलं. 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' ही जनगणना विभागाची दरवर्षीची नमुना पाहणी. तिच्यात वंशाचा प्रश्न मोकळा असतो. माणसाने आपलं मूळ स्वतःच्या शब्दांत लिहायचं, त्यातली पहिली दोन उत्तरं नोंदली जातात. १९८० च्या जनगणनेत हा प्रश्न पहिल्यांदा आला. त्याचा जो तक्ता छापला जातो त्यात पोलिशांची ओळ वेगळी, चेकची वेगळी, स्लोव्हाक, स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन, युक्रेनियन, सगळ्यांच्या वेगळ्या. आणि 'स्लाविक' अशीही एक ओळ आहे. ज्यांनी उत्तरात तेवढंच लिहिलं ते त्या ओळीत. देशभरात स्वतःला पोलिश वंशाचे म्हणवणारे नव्वद लाखांच्या आसपास आहेत, त्यांच्या तुलनेत या ओळीतले लोक मूठभरच. टिपण लिहिणाऱ्याने नेमकी हीच ओळ उचलली होती. मिलवॉकीच्या पोलिशांपासून विलर्डच्या स्लोव्हेन शेतकऱ्यांपर्यंत सगळा स्लाव समाज त्याच्या तक्त्याबाहेर राहिला होता.

तिथेच थांबता आलं असतं. आकडे चुकीचे आहेत असं कळवायचं आणि फाईल परत पाठवायची. पण निधीच्या एका विश्वस्तांनी फोनवर सांगितलं, "आकडे दुरुस्त करा, निष्कर्ष बदलणार नाही. तुम्ही स्वतः जाऊन बघा ना." मग एका शुक्रवारी मी, माझा सहकारी आणि ते विश्वस्त अशा तिघांनी एकाच गाडीतून सकाळी न्यू ग्लॅरस आणि दुपारी मिलवॉकीचा दक्षिण भाग बघायचं ठरवलं.

न्यू ग्लॅरस मॅडिसनच्या नैऋत्येला, गाडीने पाऊण तासावर. वस्ती दोन-सव्वादोन हजार. उतरत्या छपरांची लाकडी घरं, सज्ज्यांवर जिरेनियमच्या कुंड्या, दारोदार लाल-पांढरे झेंडे. विश्वस्त खुशीत होते. आम्ही तिथल्या 'स्विस हिस्टॉरिकल व्हिलेज' या संग्रहालयात गेलो आणि मग एका निवृत्त चीज बनवणाऱ्या गृहस्थांच्या घरी. त्यांनी गावाची कथा सांगितली ती अशी.

१८४० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या ग्लॅरस परगण्यात हातमाग बसले, सूत-कापडाचं काम यंत्रांनी खाल्लं, बटाट्यावर रोग पडला. लोक उपाशी राहू लागले तेव्हा परगण्यातल्या लोकांनी स्थलांतरासाठी एक संस्था काढली, वर्गणी जमवली आणि निकलाउस ड्युर्स्ट व फ्रिडोलिन स्ट्राइफ या दोघांना पुढे पाठवून विस्कॉन्सिनमध्ये सुमारे १,२०० एकर जमीन घेऊन ठेवली. १८४५ च्या एप्रिलमध्ये १९३ माणसं निघाली. वाटेत हाल झाले, काही मेले, काही पांगले, आणि ऑगस्टमध्ये १०८ जण इथे पोहोचले. जमिनीचे वीस-वीस एकरांचे तुकडे पाडून प्रत्येक कुटुंबाला चिठ्ठीने वाटले गेले. म्हणजे ही माणसं गरीब होती हे खरं, पण जहाजातून उतरताना त्यांच्या नावावर जमीन होती, मागे एक संस्था होती, आणि शेजारी आपल्याच गावचा होता.

पुढे गव्हाचं पीक किडीने आणि पडलेल्या भावाने बुडालं तेव्हा त्यांनी गाई धरल्या. १८६८ च्या सुमाराला ग्रीन काउंटीत लिंबर्गर चीजचे पहिले कारखाने निघाले, मग स्विस चीजचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या एका काउंटीत दोनशेहून अधिक चीज कारखाने होते, आणि त्यांतले कितीतरी आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून चालवलेले. हे ऐकताना मला आमच्याकडची गोकुळची दूध संकलन केंद्रं आठवली. रोज दोन वेळा दूध घालायचं, फॅट लावून घ्यायची, दहा दिवसांचं बिल एकदम. घरात रोकड फिरती राहते, म्हणून मुलाची फी भरता येते, गाय आजारी पडली तर औषध आणता येतं. काटकसर अशा घरात जमते, कारण काटकसर करायला हातात काही तरी नियमित यावं लागतं.

विश्वस्तांनी विचारलं, "मग आता सगळं छान चाललंय ना?" म्हातारे गृहस्थ जरा थांबून म्हणाले, "१९६२ मध्ये इथला डबाबंद दुधाचा कारखाना बंद झाला तेव्हा गाव बसलंच होतं." तो कारखाना १९१० पासून गावाला पोसत होता. तो गेल्यावर गावाने स्विस रूप आणखी ठळकपणे धारण केलं, दुकानांच्या दर्शनी भागांना आल्प्समधल्या घरांचा आकार दिला, जत्रा मोठ्या केल्या, पर्यटक आणले. म्हणजे विश्वस्तांना सकाळी ज्या देखाव्यात समृद्धी दिसली, त्यातला बराचसा भाग एका आर्थिक संकटावर गावाने काढलेला उपाय होता. आणि गोठ्यांत काम कोण करतं म्हणाल, तर आज विस्कॉन्सिनच्या डेअरी फार्मांवर दूध काढणारे हात मोठ्या प्रमाणावर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांचे आहेत. ते कुठल्याच रकान्यात नव्हते.

आणखी एक अडचण मी गाडीत सांगितली. ग्रीन काउंटीची लोकसंख्या सदतीस हजारांच्या आसपास. व्यक्तिगणिक उत्पन्नाचे नमुने जे आम्हाला मिळतात, ते किमान एक लाख वस्तीच्या पट्ट्यांसाठीच असतात. त्यामुळे 'न्यू ग्लॅरसच्या स्विस कुटुंबांचं उत्पन्न' असा आकडा त्या नमुन्यांतून काढताच येत नाही. टिपणात तो होता. कुठून आला, विश्वस्तांनाही सांगता आलं नाही.

मिलवॉकीत आम्ही आधी सेंट जोसाफट बॅसिलिका बघितली. तो घुमट दुरूनच दिसतो. १८९६ मध्ये शिकागोचं जुनं पोस्ट ऑफिस आणि कस्टम हाउस पाडलं जात होतं. तिथले दगड, खांब, दरवाजे इथल्या पोलिश पाद्रींनी २०,००० डॉलरना विकत घेतले आणि सुमारे ५०० रेल्वे वाघिणींतून आणले. १९०१ मध्ये चर्च उभं राहिलं आणि कर्ज फेडायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. ते फेडणारे लोक चामड्याच्या कारखान्यांत, ओतशाळांत, लोखंडाच्या गिरणीत काम करणारे मजूर होते. ज्यांना टिपणात शिस्त नाही असं म्हटलं होतं ते हे लोक.

या मजुरांपैकी बरेचसे प्रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमधून १८७० नंतर आलेले. मागे देशच नव्हता. पोलंड तीन साम्राज्यांत वाटलं गेलेलं होतं, त्यामुळे जनगणनेत कुणाचा जन्मदेश जर्मनी, कुणाचा रशिया, कुणाचा ऑस्ट्रिया असा पडे. पुढे जाऊन जमीन घेऊन ठेवणारी परगण्याची संस्था कुठून असणार? ते आले ते थेट कारखान्याच्या फाटकाशी. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी ते बे व्ह्यूच्या रोलिंग मिलकडे मोर्चाने निघाले, तेव्हा गव्हर्नर जेरेमाया रस्क यांच्या हुकमावरून नागरी सेनेने गोळ्या झाडल्या आणि सात माणसं मेली. त्यात एक तेरा वर्षांचा मुलगा होता. तिथे आता स्मारकफलक आहे. विश्वस्त तो दोनदा वाचत उभे राहिले.

मग आम्ही गल्ल्यांमध्ये शिरलो. इथली घरं बघण्यासारखी आहेत. मजुराने आधी दोन-तीन खोल्यांचं लाकडी घर बांधायचं. चार पैसे जमले की ते अख्खं घर खांबांवर उचलून घ्यायचं, खाली अर्धं जमिनीत अर्धं वर असं विटांचं तळघर बांधायचं, आणि वरचा किंवा खालचा मजला भाड्याने द्यायचा. मिलवॉकीत याला 'पोलिश फ्लॅट' म्हणतात. भाड्यातून घराचं कर्ज फिटायचं. घर स्वतःचं असलं पाहिजे ही ओढ इतकी होती की इथल्या पोलिश मजुरांमध्ये घरमालकांचं प्रमाण त्या काळी लक्षणीय होतं. त्यासाठी त्यांनी आपल्या लोकांच्याच पतसंस्था उभ्या केल्या. आता त्याच तळघरांत ओल चढते, छत बुटकं, पायऱ्या उंच. वृद्धांच्या घरदुरुस्तीचा खरा प्रश्न इथे आहे.

एका अशा घरात ऐंशी ओलांडलेले एक आजोबा भेटले. आजोबांचे आजोबा पोझ्नानकडचे. मी कोल्हापूरची म्हटल्यावर त्यांना काही कळलं नाही, तेव्हा मी वळिवड्याचं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेल्या पोलिश निर्वासितांची तिथे मोठी छावणी होती, १९४३ ते १९४८. जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं, कोल्हापूरच्या उंबऱ्याशी पाच वर्षं राहिली, शाळा चालवल्या, चर्च चालवलं. आजोबांनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्या दिवसातला माझा सगळ्यात आनंदाचा अर्धा तास तोच.

विश्वस्तांनी मात्र आजोबांना विचारलं, "तुमची बाकीची माणसं इथे मागेच राहिली ना?" आजोबांना प्रश्नच समजला नाही. त्यांची मुलं फ्रँकलिनला, ग्रीनफिल्डला, एक मुलगी ओक क्रीकला. एक इंजिनिअर, एक शिक्षिका, एक प्लंबिंगचा धंदा करतो. पोलिश सेंटरसुद्धा फ्रँकलिनला आहे. दक्षिण भागाचा हा पट्टा आता मुख्यतः मेक्सिकन कुटुंबांचा आहे, त्याच तळघरांत आता तीच कुटुंबं भाड्याने राहतात, आसपासच्या चर्चमध्ये स्पॅनिशमध्येही प्रार्थना होते. टिपण लिहिणाऱ्याने जुन्या पोलिश पेठेची आजची गरिबी घेतली आणि ती पोलिशांच्या नावावर लिहिली. राष्ट्रीय आकडे पाहिले तर पोलिश वंश सांगणाऱ्या कुटुंबांचं मध्यक उत्पन्न देशाच्या मध्यकाच्या वर आहे, स्विस वंश सांगणाऱ्यांचंही वर आहे. तीन-चार पिढ्या गेल्या, लग्नं मिसळली, एकाच माणसाने उत्तरात दोन्ही लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं?

परतीच्या वाटेवर विश्वस्त म्हणाले, "तुमच्याच समाजाचे आकडे बघा. भारतीय अमेरिकनांचं उत्पन्न सगळ्यांत वर आहे. ते संस्कृतीमुळेच ना?"

हा प्रश्न मला आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवातही नेहमी ऐकू येतो, फक्त तिथे तो अभिमानाने विचारलेला असतो. मी त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहिते. १९६५ चा कायदा होईपर्यंत आपल्याला जवळजवळ दारच बंद होतं. त्यानंतर जे आले ते पदवी, नोकरी, व्हिसा अशा चाळण्यांतून आले. डॉक्टर आणि इंजिनिअर निवडून आणायचे आणि मग त्यांचा पगार मोजून त्याला संस्कृती म्हणायचं, हे मला पटत नाही. माझे वडील बसस्टँडवर हमाली करत असते तर त्यांच्या मुलीला हा व्हिसा मिळाला असता का? संस्कार तेच असते.

आणि असे तक्ते निरुपद्रवी नसतात. १९११ मध्ये डिलिंगहॅम आयोगाने एकेचाळीस खंड छापले. त्यात वंशावंशांची अशीच तुलना होती, एक 'वंशकोश'सुद्धा होता. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे, म्हणजे स्लावही, आधीच्या स्थलांतरितांपेक्षा कमी प्रतीचे असा त्याचा सूर. त्याच विचारातून १९२४ चा कायदा आला. कोटे मुद्दाम १८९० च्या जनगणनेवर बांधले, कारण तेव्हा इथे स्लाव कमी होते. पोलंडचा वर्षाचा कोटा तीस हजारांच्या वरून सहा हजारांच्या आत आला. भारताच्या वाट्याला १०० आले, आणि तेही आपल्यासाठी नव्हतेच, कारण नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्यांना दार बंद होतं. जवळपास वीस वर्षांनी वळिवड्यापर्यंत भटकत गेलेल्या त्या बायका-मुलांसाठीही अमेरिकेचं दार जवळजवळ लावलेलंच होतं.

विश्वस्त बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "मग रकाने कशाचे करायचे?"

आमच्या अहवालात वंशाचा रकाना नाही. घर कोणत्या साली बांधलं, तळघरात कुणी राहतं का, राहणाऱ्याचं वय, उत्पन्न, मालमत्ता कर थकलाय का, एवढंच आहे. त्या निकषांवर मिलवॉकीच्या दक्षिण भागातली बरीच घरं वर आली, आणि ग्रीन काउंटीतल्या काही एकट्या राहणाऱ्या विधवांची शेतघरंही. मध्य विस्कॉन्सिनच्या रेताड पट्ट्यातलं पोलोनिया आणि आसपासची खेडी आम्ही पुढच्या टप्प्यात घेतोय. तिथे १८५० च्या दशकापासून काशुबियन (उत्तर पोलंडमधला एक स्लाव समाज) आणि पोलिश शेतकरी आहेत, बटाटा पिकवतात, आणि जुन्या टिपणात त्यांचा उल्लेखही नव्हता. निधीच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका विश्वस्ताने विरोधात मत दिलं. आमच्याबरोबर आलेल्या गृहस्थांनी बाजूने दिलं, आणि पोलोनियाच्या फेरीलाही गाडी मीच काढतो म्हणाले.