महेश्वरहून परतताना दोनदा बंद पडलेली स्कूटर : एकदा ओला प्लग, एकदा कोरडा

श्रावणातल्या एका बुधवारी मी आणि काका स्कूटरवर इंदूरहून महेश्वरला गेलो आणि गुरुवारी परत आलो. जाताना पावणेतीन तास लागले, येताना सात. गाडी दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा लक्षण अगदी एकच होतं, सेल्फ मारला की इंजिन फिरतंय पण पकडत नाही. कारणं मात्र एकमेकांच्या बरोबर उलट निघाली. या रस्त्याने दुचाकीवर जाणाऱ्यांना आमचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गाडी 2016 सालची, 110 सीसीची, कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). काका सदुसष्ट वर्षांचे, लोकमान्य नगरला राहतात, उभा जन्म लेथवर काम केलेला माणूस. महेश्वरच्या वाड्यात मातीची शिवलिंगं करून होणारं लिंगार्चन त्यांना पुन्हा एकदा बघायचं होतं. बसने जाऊ म्हटलं, तर म्हणाले, "अगं, जाम गेटचा घाट बसच्या खिडकीतून काय बघायचा!"

सकाळी सहाला रामबागेतून निघालो. महूला, म्हणजे आताच्या डॉ. आंबेडकर नगरला, टाकी भरली. तुम्हीही इथेच भरा. पुढे जाम गेटकडे वळल्यावर वस्ती विरळ होत जाते, गॅरेज तर अभावानेच दिसतं, आणि माझ्या फोनला रेंज येत-जात होती. महेश्वर या रस्त्याने साधारण 90 किलोमीटर पडतं. धामनोदवरून हायवेने गेलात तर रस्ता रुंद आहे, गॅरेजंही जागोजागी आहेत, पण ट्रकांची गर्दी फार, आणि वाटेतला गणपती घाट ब्रेक फेल झालेल्या अवजड गाड्यांसाठी बदनाम आहे. मागे वयस्कर माणूस बसलेलं असताना मी त्या वाटेला गेले नाही, आणि पुन्हाही जाणार नाही.

जाम गेट म्हणजे विंध्याच्या कड्यावर अहिल्याबाईंनी बांधलेला दगडी दरवाजा. दरवाज्याच्या अलीकडे माळवा, पलीकडे खाली निमाड. पावसाळ्यात रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही मधला वार धरला. धुकं इतकं होतं की दरवाजा वीस पावलांवर आल्यावर दिसला. काका बराच वेळ त्या दगडांवरून हात फिरवत उभे होते. उतरताना गाडी बंद करू नका, दोन्ही ब्रेक थोडे-थोडे वापरा. गिअर नसलेल्या गाडीला खालच्या गिअरचा आधार घेता येत नाही, बहुतेक भार ब्रेकवर येतो.

महेश्वरचं वर्णन करत बसत नाही. नर्मदा दुथडी भरली होती, नावा बंद होत्या, म्हणून नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वर मंदिराचं दर्शन काठावरूनच घेतलं. संध्याकाळभर घाटाच्या पायऱ्यांवर बसून होतो.

रात्रभर पाऊस कोसळत होता आणि गाडी उघड्यावर. इथे माझी चूक झाली. सकाळी साडेसातला सेल्फ मारला, इंजिन फिरलं, पकडलं नाही. मी चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढून आणखी मारला, मग किका मारल्या, बहुतेक वीस-पंचवीस. काका म्हणाले, "बाजूला हो, मी आडवी करतो." त्यांच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला इंजिनाच्या बाजूला कलवून पुन्हा उभं केलं की ती हमखास सुरू व्हायची. घरोघरी हाच उपाय होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी गाडी कलवली सुद्धा, आणि पेट्रोलचा वास सुटला.

माझ्या गाडीसारख्या, आताच्या फोर-स्ट्रोक गाडीला हे करू नका. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ओसंडतं, आणि जास्त कलवली तर इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरपर्यंत जाऊ शकतं. ढकलूनही उपयोग नाही. या गाड्यांचा क्लच इंजिनाच्या वेगावर पकडतो, त्यामुळे बंद गाडी कितीही ढकलली तरी चाक फिरतं, इंजिन जागचं हलत नाही. लोक मदतीला येतात आणि आधी ढकलायलाच घेतात. त्यांचे आभार मानून थांबवा.

मग मी प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग, काढला. तो पंचवीस किकांच्या आधीच काढायला हवा होता. चावी बंद केली, प्लगची टोपी सरळ ओढून काढली आणि प्लग पान्याने प्लग सोडवला. टोपीत पाण्याचे थेंब होते. प्लग पेट्रोलने निथळत होता. म्हणजे पेट्रोल पोचतंय, नको तितकं पोचलंय, ठिणगी नाही. टोपीतल्या ओलाव्यातून करंट बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या धातूत उतरत होता.

टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसली, प्लग पुसून टोकं बारीक पॉलिश पेपरने हलकी घासली. चोक बंद केला. प्लग बाहेरच ठेवून, चावी बंदच ठेवून आठ-दहा किका मारल्या. आत साठलेलं पेट्रोल त्या भोकातून उडतं, तेव्हा तोंड लांब ठेवा, आणि आसपास कोणी विडी ओढत असेल तर त्याला आधी दूर पाठवा. प्लग सुकवायला लायटर वापरणारे मी पाहिले आहेत. पेट्रोल सांडलेल्या गाडीजवळ हे भयंकर आहे. दहा मिनिटं थांबलो.

मग करंट तपासला. प्लग टोपीत बसवायचा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचा, पण प्लगच्या भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ येत असते. टोपी रबरी मुठीच्या पकडीने धरायची आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. कडक निळी ठिणगी दिसली तर ठीक. पिवळट, मरगळलेली दिसली तर नवा प्लग घाला. आमची निळी होती. प्लग बसवला, रेस पूर्ण पिळून धरली, आणि चौथ्या किकेला गाडी पकडली. थोडा वेळ सायलेन्सरमधून धूर आला, तो येतोच. सव्वानऊ वाजले होते.

मंडलेश्वर मागे पडलं, घाट सुरू झाला. दोघांचं वजन, सामान, खडा चढ. रेस जवळजवळ पूर्ण पिळलेली. जाम गेटच्या थोडं खाली गाडी आचके द्यायला लागली, दम तोडल्यासारखी मंदावली आणि एका वळणावर थांबली. शेजारी भुट्टे भाजणाऱ्या बाईंची झोपडी होती, एवढं आमचं नशीब.

काकांनी लगेच टोपी पुसायला घेतली, कारण सकाळी तेच कारण होतं. मी म्हटलं, "काका, थांबा. आधी प्लग बघू." प्लग खडखडीत कोरडा होता. करंट पाहिला, निळा. म्हणजे सकाळचं औषध आता चालणार नव्हतं. आता पेट्रोलच पोचत नव्हतं.

टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली. टाकीचं झाकण उघडून ऐकलं. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं असेल तर टाकीत निर्वात पोकळी तयार होते, झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज येतो आणि झाकण सैल ठेवून गाडी सुरू होते. आमच्या झाकणाला आवाज नव्हता. मग डिकीचा डबा काढला. माझ्या गाडीत तो चार बोल्टवर आहे, 10 चा पाना लागतो. कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल सोडायचा एक स्क्रू असतो. त्याखाली कापलेली पाण्याची बाटली धरून स्क्रू सैल केला. चार थेंब पडले आणि संपलं. वाटी, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठायची जागा, रिकामी.

टाकीत पेट्रोल आहे, वाटीत नाही, म्हणजे अडथळा मध्ये. आणि मध्ये असते ती आपोआप उघडणारी पेट्रोलची कॉक (तोटी), जिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. जुन्या स्कूटरला हाताने फिरवायची कॉक होती. या गाड्यांत इंजिन फिरताना जी ओढ तयार होते, ती एका बारीक रबरी नळीतून कॉकपर्यंत जाते आणि तिथला पडदा उचलते. ओढ असेल तरच पेट्रोल खाली येतं. काकांना मी हे सांगितलं तर त्यांनी बोटाने ती नळी चाचपली आणि म्हणाले, "ही बघ, टोकाला चिरली आहे." उष्णतेने रबर कडक होऊन टोकाला, जिथे ते पितळी नळीवर ताणून बसवलेलं असतं, तिथेच भेग पडली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटाला लागत होती.

गाडी शहरात चालते, उतारावर चालते, आणि नेमकी चढावर का मरते, तेही तिथे कळलं. रेस कमी असताना इंजिनाची ओढ जोरदार असते, भेगेतून थोडी गळाली तरी कॉक उघडते. रेस पूर्ण पिळली की ओढ कमी होते, आणि पेट्रोलची गरज तेव्हाच सर्वांत जास्त. आदल्या दिवशी महूपासून दरवाज्यापर्यंत असा सलग खडा चढ नव्हता, आणि पुढे तर उतारच होता. तुमची गाडी फक्त चढावर किंवा ओव्हरटेक करताना गचके देत असेल तर कार्ब्युरेटर साफ करून घेण्याच्या आधी ही नळी बघा.

दुरुस्ती पाच मिनिटांची. भुट्टेवाल्या बाईंकडे चाकू मागितला, त्यांनी तो आधी पदराला पुसून दिला. काकांनी चिरलेलं एक सेंटीमीटर टोक सरळ कापलं आणि उरलेली नळी नीट ढकलून बसवली. नळी लांबीला पुरली, नाहीतर खोळंबलो असतो. बारा-तेरा किका माराव्या लागल्या, कारण रिकामी वाटी भरायला वेळ लागतो. तेवढ्यावर सोडून देऊ नका. गाडी सुरू झाली. बाईंनी पैसे घेतले ते फक्त दोन भुट्ट्यांचे.

एक धोक्याची गोष्ट. काही जण ही नळी तोंडाने ओढून कॉक तपासतात. कॉकचा पडदा फाटला असेल तर त्याच नळीतून पेट्रोल थेट तोंडात येतं. औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज वापरा. सिरिंजने ओढल्यावर कॉकमधून पेट्रोल यायला हवं, आणि सिरिंजमध्ये पेट्रोल अजिबात दिसता कामा नये. दिसलं तर कॉक बदलायची.

महूला एका लहान गॅरेजात नवी नळी टाकली. मेकॅनिकने कापलेली जुनी नळी वाकवून भेगा दाखवल्या. "दीदी, यहाँ आधे लोग कार्बोरेटर खुलवा के जाते हैं, निकलती ये नली है." नळी आणि मजुरी मिळून 80 रुपये झाले. त्याने वाटीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तळाशी पाणी आहे का तेही पाहिलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. टाकीच्या झाकणाचं रबर खराब असेल तर पावसाळ्यात पाणी आत जाऊन इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि कॉक तळातूनच घेते. आमच्या बरणीत पाणी नव्हतं.

आता माझ्या डिकीत कायम असतं ते असं: प्लग पाना त्याच्या टॉमीसकट (पाना फिरवायचा दांडा), नवा प्लग (120 रुपयांना घेतला), स्क्रूड्रायव्हर, 10 चा पाना, पकड, पॉलिश पेपरचा तुकडा, सुती फडकं, सिरिंज, आणि जुना तुकडा दुकानात दाखवून त्याच जाडीची घेतलेली वीतभर नळी. रात्री गाडी उघड्यावर असेल तर पूर्ण आच्छादन, आणि ते नसेल तर निदान सीटवरून पुढच्या फळीपर्यंत येईल असं प्लास्टिक. प्लग नवा घालताना आधी हाताने फिरवत बसवा, पाना शेवटीच लावा. आटे तिरके चढले तर इंजिनाचं हेड उघडायची वेळ येते.

गाडी इंजेक्शनवाली, म्हणजे 2020 नंतरची असेल, तर यातलं कार्ब्युरेटर आणि कॉकचं काही लागू नाही. तिथे पेट्रोलचा पंप बॅटरीवर चालतो, म्हणून बॅटरी पार उतरली असेल तर किकही बहुधा कामी येत नाही. सेल्फ मारल्यावर नुसतं टिक-टिक वाजलं तर बॅटरीच बघा. चावी फिरवल्यावर पंपाचा क्षणभर गुणगुणल्यासारखा आवाज येतो, तो नसेल तर आधी फ्यूज तपासा. साइड स्टँड खाली असताना सुरू न होणाऱ्या गाड्याही आता खूप आहेत, आणि ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ चालत नाही. महेश्वरच्या धर्मशाळेबाहेर एक जण घामाघूम होऊन नव्या गाडीचा सेल्फ मारत होता. काकांनी जाऊन फक्त त्याचा साइड स्टँड वर केला.

अडीच वाजता घरी पोचलो. लिंगार्चन मात्र राहूनच गेलं, त्या वेळी आम्ही प्लग सुकवत होतो. कार्तिकात पुन्हा जायचं ठरलं आहे, याच गाडीवर, आणि या वेळी दोन रात्री राहणार आहोत.