आकडे जुळले, स्फटिक बिघडले

"सर, दोन्ही रीडिंग जुळली!" वही पुढे करत माझी विद्यार्थिनी म्हणाली. तिने बनवलेल्या पोटॅशियम फेरिऑक्झलेटमध्ये ऑक्झलेट 53.6 टक्के, लोह 11.3. सूत्रावरून यायला हवं 53.75 आणि 11.37. पहिल्या खेपेला इतकं नेटकं टायट्रेशन (थेंबाथेंबाने परमँगनेट घालून प्रमाण मोजणं) मला स्वतःला कधी जमलं नव्हतं. सहीसाठी पेन काढलं आणि सहज म्हणालो, "नमुना बघू जरा."

वॉच ग्लासवर हिरवेगार स्फटिक होते. कृती चोख होती. मोहर मीठ या लोहाच्या क्षारापासून फेरस ऑक्झलेटचा पिवळा साका, त्यात पोटॅशियम ऑक्झलेट, मग 40 अंशांना थेंबाथेंबाने हायड्रोजन पेरॉक्साइड, शेवटी ऑक्झॅलिक आम्ल. स्फटिक अंधारातच वाढवले होते. वाळवायला मात्र ठेवले खिडकीत, दोन दिवस!

स्पॅच्युलाने एक स्फटिक उलटा केला. खालून नितळ हिरवा. उजेडाकडची बाजू हळद भुरभुरल्यासारखी पिवळट. फेरस ऑक्झलेटच. उजेडात ऑक्झलेटचा इलेक्ट्रॉन लोहाकडे जातो. लोह फेरिकचं फेरस होतं आणि ते ऑक्झलेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं.

"मग रीडिंग कसं जुळलं?"

मलाही चटकन सांगता येईना. फळ्यावर मांडलं तेव्हा उलगडलं. दोन फेरिऑक्झलेटमध्ये सहा ऑक्झलेट, प्रत्येकाचे दोन, म्हणजे परमँगनेटला मिळणारे बारा इलेक्ट्रॉन. एक ऑक्झलेट गेलं, पण त्याचे दोन इलेक्ट्रॉन दोन लोहांकडे जमा झाले, आणि फेरस लोह ते परमँगनेटला देऊन टाकतं. पाच दुणे दहा, अधिक दोन. पुन्हा बाराच! लोहाचं टायट्रेशनही फसवतं, कारण पहिल्या टायट्रेशनच्या शेवटी सगळं लोह फेरिक झालेलं असतं आणि जस्ताची पूड टाकून आपणच ते पुन्हा फेरस करतो. वायू उडाल्याने घटलेलं वजन? एवढ्याशा बिघाडात ते ब्युरेटच्या (मोजनळीच्या) चुकीतच झाकलं जातं.

मग दिवे घालवून, लाल दिव्यात फेनँथ्रोलिन घातलं; फेरस लोह भेटलं की ते नारिंगी-लाल होतं. फॉइल गुंडाळलेल्या फ्लास्कमध्ये अंधारातच राहिलेला स्फटिक जेमतेम रंगला. खिडकीतल्याची परीक्षानळी क्षणात नारिंगी-लाल. ती टक लावून बघत राहिली. (परमँगनेटला नावं ठेवू नयेत, त्याला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर त्याने दिलं होतं.)

सही राहिलीच. ती नवा घाणा लावायला गेली, आणि मी कपाटातल्या जुन्या, माझ्याच सहीच्या, याच क्षाराच्या बाटल्या खाली काढल्या. साध्या पारदर्शक काचेच्या होत्या सगळ्या. सहापैकी दोन पिवळ्या निघाल्या.