अपुरे लेणे आणि येवल्याचा पदर

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत बहुतेक लोक तिसऱ्या आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांपुढे रेंगाळतात, आणि त्यात गैर काहीच नाही. तिसऱ्या लेण्याचा कोरीव दरवाजा, त्याच्या ओसरीचा भार खांद्यावर पेलणारे गण आणि सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा दीर्घ लेख पाहायला अर्धा दिवसही पुरत नाही. या खेपेस मात्र मला विसावे लेणे पाहायचे होते. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या राज्याच्या सातव्या वर्षी कोरलेला एक प्राकृत लेख तेथे आहे. बोपकि नावाच्या यतीने सुरू केलेले आणि पुष्कळ वर्षे अपुरे राहिलेले हे लेणे महासेनापती भवगोपाची पत्नी वासु हिने पूर्ण करवून भिक्षुसंघाला राहण्यासाठी दिले, असे त्यात म्हटले आहे.

दानाचा लेख कोरवणाऱ्या बाईला अर्धवट कामाचा उल्लेख सहज टाळता आला असता. खर्च तिचा, मानही तिचाच, आणि बोपकि तर केव्हाच मागे पडलेला. तरीही आधीच्या माणसाचे नाव आणि त्याच्या हातून न झालेले काम, दोन्ही तिने दगडात नोंदवून ठेवले. पुढे महायान काळात याच लेण्याची मागची भिंत आणखी आत नेऊन तेथे गाभारा आणि बुद्धमूर्ती कोरण्यात आली. म्हणजे वासुने पूर्ण केलेले कामही नंतरच्या लोकांना पुढे नेण्याजोगे वाटले.

डोंगर कोरून केलेल्या कामात एकदा निघालेला दगड परत बसवता येत नाही. छिन्नी जरा खोल गेली, तर उरलेल्या दगडाशी जमवून घेत पुढे जावे लागते. त्रिरश्मी डोंगरावरच्या या चोवीस लेण्यांत कोठे खोलीचा कोपरा काटकोनात नाही, कोठे भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव तसेच राहिले आहेत. मार्गदर्शक हे दाखवत नाहीत. त्यांना पांडवांच्या गोष्टी अधिक प्रिय असतात, आणि दोनेकशे पायऱ्या चढून दमलेल्या माणसाला त्या बऱ्याही वाटतात.

नाशिकहून निफाड आणि विंचूरमार्गे येवला साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे. सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी पैठणचे विणकर आणून येथे वसवले, असे येवल्यात सांगतात. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले ते 2010 मध्ये. आज पेठेत दुकानांची रांग आहे, पण खरे काम आतल्या गल्ल्यांतल्या घरांत चालते. ओळखीतून मी अशाच एका घरी गेले. खड्ड्यात पाय सोडून दादा आणि वहिनी एकाच मागावर शेजारी बसले होते. साडीच्या अंगाचे साधे काम दादा एकटे करतात; पदर आला की दोघेही बसतात.

पदरात आडवा धागा नेणारा धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावत नाही. प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्यापुरताच जातो, शेजारच्या जरीत अडकतो आणि मागे वळतो. त्यामुळे मागच्या बाजूला लोंबते धागे राहत नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी नक्षी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नकली पैठणीचा पदर उलटला की मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. फणीचा ठोका साऱ्या पन्ह्याला एकच बसतो. वळताना धागा किती ओढायचा हे मात्र ज्याच्या त्याच्या बोटांवर असते. म्हणून दादांच्या बाजूचे मोर मानेला किंचित बारीक होते, वहिनींचे जरा भरलेले. मी ते बोलून दाखवताच वहिनी हसल्या. “ताई, यांचा हात आवळ आहे. मी ढिला सोडते. आमच्या घरात कुणाचं काम कोणतं, ते न विचारता कळतं.”

पदराच्या मध्यावर एक पुसट आडवी रेघही होती. घरात सुतक आले, माग काही दिवस बंद राहिला, आणि पुन्हा काम सुरू केले तेव्हा ठोक्याचा ताण नेमका तोच आला नाही, एवढाच तिचा इतिहास. मला ती रेघ फार आवडली. दादांना ती मुळीच आवडत नव्हती. “तुम्हाला बघायला बरं वाटतं. व्यापारी याच रेघेवर बोट ठेवून मजुरी कापतो,” असे ते शांतपणे म्हणाले. हातकामातल्या उणिवेचे सौंदर्य वर्णन करणाऱ्या आम्हा मंडळींच्या ध्यानात बहुधा हेच येत नाही की त्या सौंदर्याची किंमत मोजणारा दुसराच कोणीतरी असतो. आणि दादाही सगळे चालवून घेणारे नव्हते. तुटलेला ताणा, म्हणजे उभा धागा, न जोडता पुढे जाणे हा त्यांच्या मते सरळ दोष, आणि तसे दिसले तर ते विणलेले उसवून पुन्हा विणतात. मोराच्या मानेतला फरक मात्र त्यांच्या लेखी दोष नव्हताच.

परिपूर्णता फक्त देवाची, म्हणून इराणी गालिचे विणणारे मुद्दाम एक गाठ चुकवतात, अशी गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला ती पटत नाही. ठरवून चूक करणाऱ्याने, ती चूक सोडली तर आपले काम निर्दोष झाले असते, असे आधीच गृहीत धरलेले असते. येवल्याच्या त्या मागावर असा कोणताही आव नव्हता. दोघांनी आपल्या परीने नेमके काम केले होते, आणि तरी जे उरले ते उरले होते. आपल्याकडे पूजा यथासांग झाल्यावरही शेवटी हात जोडून, मंत्रहीन, क्रियाहीन, भक्तिहीन असे जे काही घडले ते परिपूर्ण होवो, अशी विनंती करतात. ही विनंती करण्याचा अधिकार आधी मनापासून पूजा करणाऱ्यालाच आहे, आणि मला वाटते हातकामातले अध्यात्म असलेच तर ते इतकेच आहे: सगळे कसब पणाला लावायचे आणि जे साधले नाही ते लपवायचे नाही. वासुच्या लेखात मला हेच दिसले होते. खंडेनवमीला हे दोघे मागाला हळदकुंकू वाहतात, तेव्हा त्यावर अर्धवट विणलेली साडी तशीच चढवलेली असते.

ती साडी आधीच कोणीतरी सांगून ठेवलेली होती, त्यामुळे मला मिळाली नाही. येवल्याला जाणार असाल तर दुकानात शिरण्याआधी एखादा चालू माग पाहून घ्या, पदर उलटून पाहा, शेजारचे दोन मोर एकमेकांशी ताडून पाहा, आणि एखादी आडवी रेघ सापडली तर तिच्या नावाने भाव पाडून मागू नका.