टॅक्टिकल आरपीजी आणि निवडीची किंमत

टॅक्टिकल आरपीजी, म्हणजे पटावरच्या डावासारख्या, पाळ्यांनी लढायच्या व्हिडिओ गेमच्या प्रकारातला नवा गेम जाहीर झाला की त्यात क्लास (योद्धा, जादूगार अशा भूमिका) किती, स्किल किती आणि शस्त्रे किती, याचे आकडे आवर्जून सांगितले जातात. त्या आकड्यांवरून गेम किती खोल आहे हे मला कधीच कळलेले नाही. आपल्या मनाप्रमाणे युनिट, म्हणजे फौजेतले एकेक पात्र, घडवता येणे हा या प्रकाराचा प्राण आहे, याबद्दल दुमत नाही. पण जी निवड करताना हातचे काहीच सोडावे लागत नाही, ती प्रत्यक्ष मॅपवर उतरल्यावर जाणवतही नाही.

1997 साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’कडे मी पुन्हा पुन्हा वळतो, तो याच कारणासाठी. यासुमी मात्सुनो यांनी दिग्दर्शित केलेल्या या गेममध्ये एकच पात्र अनेक जॉब (इथे क्लासलाच जॉब म्हणतात) करू शकते आणि जेपी, म्हणजे जॉबमध्ये मिळवलेले गुण, खर्च करून त्या त्या जॉबमधल्या क्षमता कायमच्या आत्मसात करू शकते. लढाईत उतरताना मात्र स्वतःच्या जॉबच्या कृतींखेरीज दुसऱ्या एकाच जॉबच्या कृती, एक रिअ‍ॅक्शन (वार झाल्यावर आपोआप होणारा प्रतिसाद), एक सपोर्ट (सतत लागू राहणारी मदत) आणि एक हालचालीची क्षमता, एवढेच सोबत नेता येते. शिकलेले पुष्कळ आणि नेता येण्याजोगे थोडे, अशी ही तफावत असल्यामुळे लढाईपूर्वीची तयारी हीच एक चाल होऊन बसते.

या तयारीला खरा अर्थ येतो तो तिथल्या वेळेच्या हिशेबामुळे. या गेममध्ये आधी एका बाजूची पाळी आणि मग दुसरीची, असे नसते. प्रत्येक युनिटचा सीटी नावाचा आकडा दर टिकला, म्हणजे गेममधल्या वेळेच्या एका ठोक्याला, त्याच्या वेगाइतका वाढत जातो आणि तो 100 वर पोहोचला की त्या युनिटची पाळी येते. पाळीत चालणे आणि कृती दोन्ही केल्या तर 100 वजा होतात, दोहोंपैकी एकच केली तर 80, आणि काहीही न करता थांबले तर 60. वेग 8 असलेल्या युनिटला शून्यापासून शंभर गाठायला 13 टिक लागतात, पण थांबल्यामुळे 40 उरले असतील आणि तिथून सुरुवात असेल तर 8 पुरतात. त्यामुळे स्वस्थ उभे राहणे हीसुद्धा चाल ठरते, आणि वेगातला एका अंकाचा फरक महागड्या तलवारीपेक्षा मोलाचा ठरू शकतो.

मोठ्या जादूलाही अशीच वेळ लागते. मंत्र सुरू केल्यापासून तो प्रत्यक्ष पडेपर्यंत मधल्या काळात इतरांच्या पाळ्या येऊन जातात. मंत्र जमिनीवरच्या घरावर रोखला तर शत्रू तिथून निसटू शकतो. शत्रूवरच रोखला तर मंत्र त्याच्यामागे जातो, आणि तो शत्रू नेमका आपल्या माणसांच्या घोळक्यात येऊन उभा राहिला तर आग आपल्यावरही कोसळते, कारण तिथली काळी जादू आपपरभाव पाळत नाही. म्हणून जादूगार घडवताना त्याची ताकद वाढवण्याइतकेच पाळ्यांचा क्रम वाचणेही शिकावे लागते.

फेथ, म्हणजे पात्राची श्रद्धा मोजणारा आकडा, तर मला या संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. जादूचा परिणाम करणारा आणि झेलणारा या दोघांच्या फेथच्या गुणाकारावर ठरतो. दोघांचेही फेथ 70 असेल तर मंत्राच्या पूर्ण ताकदीच्या 49 टक्के परिणाम होतो; झेलणाऱ्याचे 40 असेल तर तो 28 टक्क्यांवर येतो. कमी फेथचा योद्धा शत्रूच्या जादूपुढे टिकून राहतो, पण आपल्याच वैद्याचा उपचारही त्याला तेवढाच कमी लागू पडतो. दुसरीकडे, कायमचे फेथ फारच वाढवले तर ते पात्र फौज सोडून निघून जाते. एकाच आकड्यात बळ आणि दुबळेपणा इतक्या सहजपणे एकत्र बांधलेले मी इतरत्र फारसे पाहिलेले नाहीत.

याच गेममधला गणिती जॉब मात्र हा तोल बिघडवतो. लेव्हल, उंची, सीटी अशा आकड्यांना 3, 4 किंवा 5 ने भाग जातो का, किंवा तो आकडा मूळ संख्या आहे का, यावरून तो सबंध मॅपवरच्या युनिट्सवर क्षणात जादू करतो, आणि त्यासाठी त्याला एमपीही (जादू करताना खर्च होणारे गुण) लागत नाहीत. या सामर्थ्याची किंमत म्हणून त्याचा वेग अत्यंत कमी ठेवलेला आहे. पण ती विद्या शिकून घेऊन दुसऱ्या वेगवान जॉबसोबत वापरता येते, म्हणजे फायदा राहतो आणि किंमत टळते. त्यानंतर उंचसखल जमीन, अंतर, पाठीवरचा वार या कशालाच महत्त्व उरत नाही.

‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ने 2019 मध्ये जवळजवळ कोणत्याही विद्यार्थ्याला (तिथे खेळाडू शिक्षक असतो आणि फौज त्याच्या विद्यार्थ्यांची) हव्या त्या क्लासच्या वाटेने नेण्याची मुभा दिली. पात्रांवर जीव लावायला ती मुभा उत्तमच आहे. पण उडता येते, वार करून पुन्हा मागे सरकता येते आणि शिवाय मारही जबर, असा वायव्हर्न लॉर्ड हा क्लास हाताशी असताना इतर वाटांकडे वळण्याचे कारण शोधावे लागते. ‘डिसगाया’मध्ये लेव्हल 9999 पर्यंत चढवण्यात वेगळा आनंद आहे, तो मी नाकारत नाही, पण तो आनंद साठवण्याचा आहे आणि डावपेचांशी त्याचा संबंध क्षीण आहे. याउलट 2018 च्या ‘इन्टू द ब्रीच’मध्ये 8 बाय 8 घरांचा पट, तीन यंत्रे आणि अगदी लहान आकडे एवढाच ऐवज असतो. शत्रू कुठे वार करणार हे आधीच दिसते, आणि तरीही त्याला एक घर कोणत्या दिशेला ढकलायचे यावर मी बराच वेळ थबकलेला असतो.

2022 मध्ये आलेल्या ‘टॅक्टिक्स ओगर: रीबॉर्न’वर अनेकांचा राग होता, तो त्यातल्या लेव्हलच्या मर्यादेमुळे. कथा जसजशी पुढे सरकते तसतशी ती मर्यादा वाढते आणि त्यापलीकडे कितीही सराव केला तरी युनिट चढत नाही. तासन्‌तास लेव्हल वाढवून अवघड लढाई सोपी करून घेण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे गेले, हे खरे आहे. मला मात्र हा निर्णय मनापासून पटला. प्रत्येक युनिटला चारच स्किल नेता येतात, त्यामुळे अडलेल्या लढाईत परतायचे तर फौजच नव्याने मांडावी लागते: समोर उंच तटबंदी असेल तर पायदळातला एक गडी कमी करून धनुर्धारी घ्यावा, त्याला आधी उंचावर पोहोचवावे, कारण उंचीवरून बाण अधिक दूर जातो, आणि तो वर चढेपर्यंत त्याच्यावर येणारे वार झेलायला कोणाला उभे करायचे, ते ठरवावे.