ॲव्हरेज किती देतं?

पॅरामोटर, म्हणजे पाठीवर इंजिन-पंखा आणि डोक्यावर कापडी विंग, घेऊन रानात उतरलो की पाच मिनिटांत दहा-बारा माणसं गोळा होतात. पोरं विंगच्या दोऱ्यांना हात लावून बघतात, बायका बांधावरूनच बघतात, आणि कुणीतरी वयस्कर माणूस इंजिनाभोवती एक चक्कर मारून विचारतो, "ॲव्हरेज किती देतं?" भीती वाटत नाही का, हे पुण्याचे पाहुणे विचारतात. आमच्या अंबाजोगाईकडं ॲव्हरेज विचारतात.

चार वर्षं झाली पॅरामोटर उडवतोय. पॅराग्लायडिंग कामशेतला शिकलो. तिथं उडी मारायला डोंगर आहे, आमच्याकडं बालाघाटचं पठार. म्हणून पाठीवर इंजिन आलं. परवानग्यांचं रामायण वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी. पोटापाण्याला माझं दुकान आहे: पेट्रोलवर चालणारे फवारणीचे पंप, ब्रश कटर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. म्हणजे टू-स्ट्रोक इंजिन पाठीवर यायच्या आधी वीस वर्षं माझ्या हाताखाली होतंच. वडिलांची राजदूत होती, तेव्हापासून तो निळा धूर नाकात बसलाय.

तर ॲव्हरेज. पहिली दोन वर्षं मी सांगायचो, "लिटरला दहा किलोमीटर." लोक हिरमुसायचे. "आमची स्प्लेंडर सत्तर देती की!" एकजण तर म्हणाला, यापेक्षा जीप परवडली. पण हा आकडा खोटाच होता, कारण तो वाऱ्यावर अवलंबून आहे. माझी विंग हवेत ताशी ३८ किलोमीटरनं चालते आणि इंजिन तासाला साधारण ३.८ लिटर पितं. वारा नसेल तर दहा. ताशी १४ किलोमीटरचा वारा पाठीवर असेल तर जमिनीवरचा वेग ५२ आणि ॲव्हरेज साडेतेराच्या वर. तोच वारा तोंडावर घेतला तर वेग २४ आणि ॲव्हरेज सव्वासहा. इंजिन तेच, माणूस तोच, पेट्रोलही तेच.

जाताना मिळालेलं येताना परत जातं आणि हिशोब बरोबर होतो, असं वाटतं ना? होत नाही. वीस किलोमीटर जाऊन वीस किलोमीटर यायचं धरा. वारा नसताना १ तास ३ मिनिटं, चार लिटर. तो वारा असताना जायला २३ मिनिटं आणि यायला ५०, एकूण सव्वा तासाच्या जवळ, साडेचार लिटरच्या वर. तोंडावरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो, म्हणून नुकसान जास्त. मांजरा धरणाकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा हे कळलं. जाताना गाणी म्हणत गेलो. येताना खालून एक सायकलवाला माझ्या बरोबरीनं चालला होता आणि टाकीत बोटभर पेट्रोल उरलं होतं. तेव्हापासून आधी वाऱ्याच्या तोंडावर जातो, घरी पाठवाऱ्यानं येतो.

हिवाळ्यात अजून एक गंमत असते. पहाटे जमिनीवर पान हलत नाही आणि दोन-तीनशे मीटरवर चांगला जोरकस वारा वाहत असतो, कारण रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन बसते आणि वरची हवा तिच्यावरून घसरत जाते. घाटाच्या कडेला उडताना लांबवर परळीच्या थर्मल वीज केंद्राची धुरांडी दिसतात. संच चालू असले तर धूर सरळ वर जातो आणि एका उंचीवर झाडूनं ओढल्यासारखा आडवा होतो. धूर जिथं वाकतो, तिथून वर चढायचं की खालूनच जायचं, हे त्यावरून ठरवतो. वाऱ्याच्या तोंडावर जाताना मी खालूनच जातो.

आता मूळ गोष्ट. किलोमीटरचं ॲव्हरेज असं वाऱ्यावर बदलतं, म्हणून मी तासाला किती जळतं हे माप धरलं. पण ते मोजायचं कशावर? टाकीवरच्या रेघा बघून काही कळत नाही. पाठीवर टाकी तिरकी बसते आणि उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं, दहा अंशांना साधारण एक टक्का. पहाटे भरलेलं दहा लिटर दुपारी डब्यात तेवढंच राहत नाही. म्हणून बाजारातून भाजीवाले वापरतात तसला लटकवायचा डिजिटल काटा आणला. उडायच्या आधी अख्खं मशीन लिंबाच्या फांदीला टांगायचं, वजन लिहायचं. उतरल्यावर परत टांगायचं. जेवढं कमी झालं तेवढं पेट्रोल जळलं. बायकोनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "बोकड घेतलं का काय?"

वहीत आता १४० च्या वर नोंदी आहेत. तारीख, तापमान, वारा, इंजिनाचे तास, किलो. पेट्रोलचा एक लिटर साधारण ७४० ग्रॅम, त्यामुळं माझा ३.८ लिटर म्हणजे ताशी २.८ किलो.

एवढं पेट्रोल जातं कुठं, याचा हिशोब मी एकदा पावसाळ्यात बसून मांडला. मी ७४ किलो, मशीन २७, विंग ६, भरलेली टाकी सात-साडेसात. मिळून ११५ किलो. इतकं वजन घेऊन विंग एक मीटर खाली येताना साधारण सात मीटर पुढं जाते. म्हणजे सरळ उडायला इंजिनानं मला सोळा-सतरा किलोच्या जोरानं ढकललं तरी पुरतं. तेलाचा पंधरा किलोचा डबा उचलायला लागतो, त्याहून जरासा जास्त जोर. ताशी ३८ च्या वेगाला ही ताकद सव्वादोन हॉर्सपॉवरच्या आसपास भरते. आणि माझं १८५ सीसीचं इटालियन इंजिन पूर्ण पिळलं तर २५ हॉर्सपॉवर देतं!

ताशी ३.८ लिटर साधं पेट्रोल जाळलं तर त्यात ३४ किलोवॅटची उष्णता असते. त्यातली प्रत्यक्ष मला पुढं न्यायला लागते १.७ किलोवॅट. शेकडा पाच. एका लिटरमधलं ५० मिली मला उडवतं, एवढ्याशा कपात येईल एवढं, आणि बाकीचं ९५० मिली अंबाजोगाईची हवा तापवतं.

सगळ्यात मोठा चोर इंजिनच. टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर पडतो त्याच वेळी हवा-पेट्रोलचं नवं मिश्रण आत शिरतं, आणि दोन्ही दारं एकदम उघडी असल्यामुळं नव्यातलं बरंच न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. तो सायलेन्सर मध्ये फुगीर असतो, त्याचं कारण हेच आहे: आवाजाची लाट मागं फिरून पळणाऱ्या मिश्रणाला परत आत ढकलते. पण ही लाट ठरावीक फेऱ्यांनाच वेळेवर पोचते. संथ उडताना थ्रॉटल जरासाच उघडा असतो, फेरे कमी असतात, तेव्हा ती चुकते. दहातला एक भाग शाफ्टवर येतो आणि त्यातला अर्धा पंखा हवेत घुसळून टाकतो. पंखा मोठा आणि संथ असला तर घुसळण कमी होते, पण पाठीवर सव्वा मीटरच्या वर पंखा घेऊन पळायचं म्हणजे मागं पाय अडकायचे.

फोर-स्ट्रोक घ्या म्हणतात. घेणारे घेतात, पेट्रोल नक्की वाचतं. पण वजन वाढतं, आणि काळ्या रानात ढेकळांतून पळून टेकऑफ करायचा असतो तेव्हा एकेक किलो गुडघ्यांना कळतो. बॅटरीचं तर विचारूच नका. पेट्रोलच्या एका किलोत १२ किलोवॅट-तास असतात, बॅटरीच्या एका किलोत पाव. माझं इंजिन कितीही उधळ्या असलं तरी या फरकाला अजून पुरून उरतं.

हा हिशोब मांडल्यावर माझ्या डोक्यात कीड शिरली. ९५० मिली वाया जातं म्हणजे काहीतरी वाचवता येईलच की! मे महिन्यात, संध्याकाळी साडेपाचला ३८ अंश असताना, प्लग काढून बघितला तर काळसर ओला. हवा विरळ, पेट्रोल जास्त. मी कार्बोरेटरची हाय नीडल, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई, फेऱ्याचा आठवा भाग आत फिरवली. वहीत लगेच फरक दिसला: ताशी २.८ चे २.५५ किलो. प्लग छान कॉफीच्या रंगाचा. मी खूश. आठवडाभर दुकानात येईल त्याला सांगत होतो.

जून ते सप्टेंबर उडणं बंद. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थोडंफार उडलो, सगळं ठीक. डिसेंबरमध्ये एका पहाटे ९ अंश होते. टेकऑफ झाला आणि चढायला पूर्ण थ्रॉटल दिला. मे महिन्याच्या मानानं ती हवा दहा टक्क्यांनी दाट. हवा जास्त आत येते, पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही, आणि मी तर नीडल आधीच आवळून ठेवलेली. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नुसतं जळायला नसतं. ते आतून गारवा देतं आणि वंगणाचं तेलही त्याच्याच संगतीनं आत येतं. शंभरेक मीटरवर आवाज किंचित बारीक झाला, गाणारा माणूस वरच्या पट्टीत जातो तसा. हाताला ते कळलं, पण डोक्यापर्यंत पोचायच्या आत कर्रर्र झालं आणि पंखा जागेवर थांबला.

शांतता काय असते ते तेव्हा कळलं. खाली कुत्रं भुंकत होतं, कुणाची तरी विहिरीवरची मोटार चालू होती, आणि मी वरून ते सगळं ऐकत होतो. समोर उसाचं रान, त्याच्या अलीकडं हरभरा. उसात गेलो तर विंग काढायला दिवस जाईल, म्हणून हरभऱ्यात उतरलो. गुडघ्यापर्यंत आंबेनं भिजलो. ती आंब खरचटलेल्या पायाला अशी झोंबली की इंजिन दोन मिनिटं विसरलो.

रानाचा मालक आला. धोतर, कानाला मफलर. "पाव्हणं, लागलं का?"

"नाही मामा. तुमचा हरभरा तुडवला तेवढा."

त्यांनी हरभऱ्याकडं बघितलंच नाही. मशीनभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देतं?"

दुकानात उघडलं तर पिस्टनवर बाहेर जायच्या दाराच्या बाजूला उभ्या रेघा, नखानं चाचपता येतील एवढ्या खोल. सिलिंडरच्या आतला लेपही खरवडलेला. रोज फवारणीचा पंप घेऊन येणाऱ्याला मी बोलतो, "ऑईल न घालता पेट्रोल ओतलंस ना? सीज झालं बघ." आता त्याच ओट्यावर माझं मशीन. शेजारच्या टायरवाल्यानं हे महिनाभर पुरवून पुरवून खाल्लं. नीडल आवळल्यापासून मी बावीस तास उडालो होतो. वाचलेलं पेट्रोल साडेसात लिटर, म्हणजे आठशे रुपयेही नाहीत. सिलिंडर आणि पिस्टन मागवायला पंचेचाळीस हजार गेले.

त्यात पंपावरचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच. म्हणजे नीडलला हात न लावताही मिश्रण पातळ पडतं, हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, वर लिटरमागं सहा-सात टक्के ताकदही कमी. दुकानात मी शंभर मिलीच्या नळीत दहा मिली पाणी आणि नव्वद मिली पेट्रोल घालून हलवून ठेवतो. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालची रेघ दहावरून अठ्ठावीसच्या जवळ जाते. शेतकऱ्यांना हे दाखवलं की पंपाच्या टाकीत पावसाळाभर पेट्रोल का ठेवायचं नाही ते वेगळं सांगावं लागत नाही. मी स्वतः आता उडून आलो की टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करतो, नाहीतर आतला रबरी पडदा कडक होतो.

प्लगखाली तापमानाचा सेन्सर बसवला. नीडल मूळ जागी आणली आणि पोरीनं तिच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका असा लावला की अर्धा नीडलवर, अर्धा बॉडीवर. फिरली तर लगेच दिसेल.

पेट्रोल वाचवायचं ते मी आता हातानं वाचवतो. पूर्ण थ्रॉटलला हे इंजिन ताशी दहा लिटरच्या आसपास जातं, म्हणून उगाच वर-खाली करत नाही, एकदा सावकाश चढतो आणि तिथंच राहतो. जागतिक पॅरामोटर स्पर्धांत इकॉनॉमीचा टास्क असतो, सगळ्यांना सारखंच मोजून इंधन देतात आणि कोण जास्त वेळ वर टिकतो ते बघतात. तिथं जिंकणारा माणूस हवा ओळखणारा असतो. मार्चअखेरीस संध्याकाळी पाचनंतर, ऊन उतरायला लागलं की नांगरलेल्या काळ्या रानावरून मऊ वारं वर उठतं. शेजारचं धसकटाचं पिवळं रान तेवढं तापत नाही. भर दुपारी याच जागी जाणं म्हणजे मस्तीला आलेल्या बैलाच्या पाठीवर बसणं, मी जात नाही. संध्याकाळी मात्र दोन घारी पंख न हलवता फिरताना दिसल्या की त्यांच्या खाली जायचं, थ्रॉटल सोडायचा आणि त्या फिरतात तिकडंच फिरायचं. वहीतली सगळ्यात चांगली नोंद अशाच एका संध्याकाळची आहे: १ तास २५ मिनिटं, २.९ किलो.

जानेवारीत नव्या पिस्टनवर त्याच हरभऱ्यावरून गेलो. घाटे भरले होते. पलीकडं पडीक रान होतं तिथं मुद्दाम उतरलो, नुकसानीचं काही द्यायचं राहिलं होतं म्हणून. मामांनी पैसे घेतले नाहीत, सोलाणा दिला.

"दुरुस्त झालं म्हणायचं. आता किती देतं?"

"ताशी पावणेतीन किलो, मामा."

"किलो? पेट्रोल आहे का गूळ?"