सत्तेचाळिसावा फॉर्म

आषाढीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. एम. ए.च्या एका मुलीचा लघुशोधप्रबंध माझ्याकडे होता: विद्यार्थ्यांची भावनिक बुद्धिमत्ता आणि अध्यात्म. विषय नेटवरून उचललेला. दरवर्षी असे दोन तरी येतात. तृतीय वर्षाच्या ६० मुलांकडून दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या.

फॉर्म हातात आले की मी आधी उलटी विधानं बघते. ‘मला पटकन राग येतो’ आणि ‘मी सहसा चिडत नाही’, दोन्हींवर ‘पूर्ण सहमत’ असेल तर पोराला चारची एसटी गाठायची होती एवढंच कळतं. असे ९ बाद झाले. भाषांतराचा वैताग वेगळाच. ‘उच्च शक्तीशी जोडलेलं वाटतं’ वाचून मागून आवाज आला, “मॅडम, एमएसईबीची का?”

सत्तेचाळिसाव्या फॉर्मवर अध्यात्मात जवळजवळ पैकीच्या पैकी आणि भावनिक बुद्धिमत्तेत वर्गात सर्वांत कमी गुण. ‘दुसऱ्याच्या मनातलं मला ओळखता येतं’: पूर्ण असहमत. नाव लिहायचं नसतं, पण वर ‘राम कृष्ण हरी’ होतं आणि दिंडीत पखवाज वाजवणारा वर्गात एकच. विचारायला नको होतं. विचारलं.

“मला दुसऱ्याचं मन कळतं असं आपणच कसं म्हणायचं, मॅडम? बरं दिसत नाही.”

दारापर्यंत जाऊन थांबला. “घरी कुणी आजारी आहे का? तुम्ही रोज मोबाइल पालथा ठेवता. आज सकाळपासून उताणा आहे.”

आई आयसीयूत होती. स्टाफरूममध्ये शेजारी मानसशास्त्राचे दोन पीएच.डी. बसतात, त्यांनी दिवसभरात माझ्याकडे फक्त नॅकची फाइल मागितली.

भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना १९९० मध्ये मांडणाऱ्या सॅलोव्ही आणि मेयर यांनी पुढे चेहऱ्यांचे फोटो दाखवून भावना ओळखायला लावणारी चाचणी केली. तिथे स्वतःला गुण द्यायचे नसतात. ती विकत घ्यावी लागते. आमच्याकडे झेरॉक्सचेही पैसे मुलीनेच भरले होते.

“तो एक फॉर्म काढला की पी ०.०५च्या खाली येतो, मॅडम,” ती म्हणाली. म्हणजे दोन्ही गुणांतला सहसंबंध संख्याशास्त्राच्या हिशेबात ग्राह्य ठरतो. ठेव म्हटलं. का ठेवायचा ते सांगितलं नाही. सांगायचं तर निनावी फॉर्मचा मालक मी शोधला हेही सांगावं लागलं असतं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, “सहसंबंध का नाही आला? नमुना लहान पडला का?”

ती माझ्याकडे बघत राहिली.